आकांक्षा, तात्पर्य आणि यंत्र : वालावलच्या दशावतारापासून संगणकाच्या भाषाबोधापर्यंत

१

भाषा समजते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न मराठी समीक्षेने बहुधा अर्थनिर्णयाच्या अंगाने विचारला. अर्थ संहितेत असतो, लेखकाच्या हेतूत असतो की वाचकाच्या प्रतिसादात, या वादात आपली बरीच शक्ती खर्च झाली. हाच प्रश्न गेली सत्तर वर्षे संगणकशास्त्रही वेगळ्या कारणाने विचारीत आले आहे. यंत्राला भाषा ‘समजावी’ असे ठरवले की समजणे या व्यापाराचे वर्णन करावे लागते, आणि ते वर्णन मानसशास्त्राकडे मागावे लागते. त्यामुळे संगणकाच्या भाषाबोधाचा इतिहास हा एका अर्थी मनाविषयीच्या आपल्या कल्पनांचाही इतिहास आहे.

हा इतिहास आजवर मुख्यतः पाश्चात्त्य प्रयोगशाळांच्या दृष्टीने लिहिला गेला. त्यात दोन गोष्टींना जागा मिळालेली नाही. एक, ऐकणाऱ्याला वाक्यार्थ कसा कळतो याची न्याय, मीमांसा आणि व्याकरण या शास्त्रांनी केलेली शाब्दबोधाची मीमांसा. दुसरी, लिखित संहितेवाचून रात्रभर भाषिक व्यवहार चालविणारी लोकनाट्याची परंपरा. या दोहोंच्या प्रकाशात संगणकीय भाषाबोधाचा इतिहास पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लोकनाट्याचे उदाहरण म्हणून दशावतार घेतला आहे आणि स्थळ म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वालावल. कुडाळ तालुक्यातील, कर्ली नदीच्या काठचे हे गाव लक्ष्मीनारायणाच्या देवळासाठी आणि देवळालगतच्या तळ्यासाठी ओळखले जाते. वालावलकर दशावतार मंडळ हे दक्षिण कोकणातील जुन्या मंडळांपैकी एक मानले जाते.

२

दशावतारी खेळाची रचना परिचित आहे. आरंभी पूर्वरंग किंवा आडदशावतार. त्यात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्राह्मण आणि संकासुर ही ठरलेली पात्रे येतात. नंतर पुराणातील एखादे आख्यान लावले जाते आणि पहाटेच्या सुमारास दहीकाल्याने शेवट होतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, पारंपरिक आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. मंडळाचा नायक कोणते आख्यान लावायचे ते ठरवतो, पात्रे वाटून देतो, कथाभाग सांगतो. संवाद मात्र नट रंगभूमीवर उभा राहिल्यावर स्वतःच्या बुद्धीने बोलतो. देव आणि राजे संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, तर संकासुर मालवणी बोलतो, आणि त्याचा बराचसा विनोद समोरच्याचा शब्द मुद्दाम वाकडा घेण्यावर उभा असतो.

हे उत्स्फूर्त भाषण मराठी रंगभूमीला अपरिचित नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हाही सूत्रधार पदे गात असे आणि पात्रे गद्य भाषणे आपापल्या कुवतीप्रमाणे करीत. पुढे ‘बुकिश’ नाटकांचा काळ आला, संहिता छापल्या गेल्या आणि नगरातील नट पाठांतर करू लागला. दशावतार या स्थित्यंतराच्या पलीकडे राहिला.

अशा नटाच्या बोलण्याचे स्पष्टीकरण करण्याचा एक मार्ग मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी दाखवला. युगोस्लाव्हियातील कथागायकांच्या अभ्यासातून लॉर्ड यांनी १९६० मध्ये असे प्रतिपादन केले की, मौखिक गायक काव्य पाठ करीत नाही. तयार पदबंध आणि प्रसंगांचे साचे यांच्या साहाय्याने तो प्रत्येक वेळी नव्याने रचतो. दशावतारी नटाजवळही असे साचे असतात. दरबार, युद्धाचे आव्हान, पतिव्रतेचा विलाप, ऋषीचा शाप यांची बोलण्याची वळणे त्याच्या जिभेवर असतात. परंतु गायक एकटा असतो आणि दशावतारी नट एकटा नसतो. समोरचा नट काय बोलणार हे त्याला ठाऊक नसते, आणि समोरच्याला न समजता बोललेले वाक्य खेळ मोडते. म्हणून येथे रचनेबरोबर बोधही क्षणोक्षणी घडावा लागतो. दुसऱ्याचे वाक्य ऐकायचे, ते आख्यानाला कोठे नेते आहे हे ओळखायचे आणि पुढचे वाक्य असे टाकायचे की कथा पुढे सरकेल व सहकारी अडचणीत येणार नाही.

३

संगणकशास्त्राचा या प्रश्नातील प्रवेश ॲलन ट्युरिंग यांच्या १९५० च्या निबंधाने झाला. ‘यंत्र विचार करू शकते काय’ हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांनी संभाषणाची कसोटी पुढे केली. परीक्षकाला यंत्र आणि माणूस यांत फरक करता आला नाही तर यंत्राला विचारशक्ती नाकारण्याचे कारण उरणार नाही, असा त्याचा आशय होता. येथे बोधाचा निर्णय ऐकणाऱ्यावर सोपविलेला आहे, ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते.

१९५४ च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे रशियनमधून इंग्रजीत यांत्रिक भाषांतराचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. शब्दसंग्रह २५० शब्दांचा, व्याकरणाचे नियम ६, वाक्ये साठाहून थोडी अधिक. त्यावरून काही वर्षांतच भाषांतराचा प्रश्न सुटेल अशी आशा बांधली गेली. १९६० मध्ये येहोशुआ बार-हिलेल यांनी ती आशा का फोल आहे हे एका साध्या वाक्याने दाखविले. पेटी ‘पेन’मध्ये होती, असे ते वाक्य. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ लेखणी असाही होतो आणि लहान मुलांना खेळण्यासाठी केलेले कुंपण असाही. यांतला कोणता घ्यावा हे व्याकरण सांगत नाही. पेटी आणि लेखणी यांच्या आकारांचे ज्ञान सांगते. भाषेच्या बोधाला जगाचे ज्ञान लागते, हा सिद्धांत येथून पुढे टळला नाही.

१९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका घेऊन ती समोरच्याचीच वाक्ये प्रश्नरूपाने परत करीत असे. तिला काहीही समजत नव्हते. तरीही लोक तिच्याशी मन मोकळे करू लागले. खुद्द वायझेनबॉम यांच्या चिटणीस बाईंनी संभाषण चालू असताना त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. या अनुभवाने अस्वस्थ होऊन त्यांनी १९७६ मध्ये यंत्राच्या मर्यादांवर पुस्तक लिहिले. मानसशास्त्राच्या दृष्टीने एलायझाचा धडा यंत्राविषयी नव्हता. माणूस कोणत्याही सुसंगत शब्दप्रवाहामागे बोलणारे मन गृहीत धरतो, हा तो धडा होता.

खरी सांगड पडली ती १९७७ मध्ये. येल विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ रॉजर शँक आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲबेलसन यांनी असे मांडले की, माणसे परिचित प्रसंगांची पटकथा मनात बाळगतात आणि ऐकलेल्या वाक्यांतील रिकाम्या जागा तिच्या आधारे भरतात. ‘तो खानावळीत गेला, मासे मागवले आणि पैसे देऊन निघाला’ एवढे सांगितले की तो जेवला, हे आपण न सांगता जाणतो. या कल्पनेचे मूळ केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांच्या १९३२ मधील स्मरणविषयक संशोधनात आहे. परक्या संस्कृतीतील कथा वाचणारे लोक ती पुन्हा सांगताना आपल्या ओळखीच्या साच्यात बसवून घेतात, असे त्यांना आढळले होते. शँक-ॲबेलसन यांच्या कल्पनेला १९७९ मध्ये गॉर्डन बॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी आधार दिला. वाचकांना मजकुरात नसलेल्या पण पटकथेत बसणाऱ्या कृतीही वाचल्यासारख्या आठवल्या.

दशावताराच्या अभ्यासकाला ही कल्पना नवी वाटणार नाही. नायकाने सांगितलेला कथाभाग ही पटकथाच आहे. भेद आहे तो उपयोगाचा. येलची यंत्रे पटकथेचा उपयोग न बोललेले भरून काढण्यासाठी करीत. नट तिचा उपयोग बोलण्याचे स्वातंत्र्य मिळविण्यासाठी करतो. कथा कोठे जायची हे निश्चित असल्यामुळेच वाटेत तो मनसोक्त भटकू शकतो. वादविवाद लांबवतो, समोरच्याला कोड्यात टाकतो, गावातील चालू गोष्टीकडे डोळा मारतो. पटकथेचे हे दुसरे अंग संगणकशास्त्राने फारसे पाहिले नाही.

१९८० मध्ये तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी शँक यांच्याच आज्ञावल्यांना समोर ठेवून ‘चिनी खोली’चा युक्तिवाद केला. चिनी न जाणणारा माणूस नियमपुस्तिकेवरून चिनी प्रश्नांना चिनी उत्तरे देऊ लागला, तरी त्याला चिनी समजते असे म्हणता येत नाही, असा तो युक्तिवाद. वाद तेथेच अडकला. एका पक्षाने वर्तनाकडे बोट दाखवले, दुसऱ्याने अंतरंगाकडे.

४

याच सुमारास आपल्याकडे वेगळ्या दिशेने विचार सुरू झाला. १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज यांनी संस्कृत शास्त्रीय परंपरेतील वाक्यविश्लेषण आणि संगणकातील ज्ञानाची मांडणी यांतील साम्य दाखविणारा लेख लिहिला. त्यातून ‘संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा’ ही लोकप्रिय पण अतिरंजित समजूत पसरली. अधिक गंभीर काम ‘अक्षर भारती’ या गटाने कानपूर येथे केले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात पाणिनीय कारकविचाराच्या आधारे भारतीय भाषांच्या विश्लेषणाची पद्धती मांडलेली आहे. क्रियापद कारकांची मागणी करते आणि नामपदे ती पुरवतात, अशी तिची धारणा आहे.

तथापि या सर्व प्रयत्नांत लक्ष वाक्याच्या रचनेकडे राहिले. शाब्दबोधाच्या चर्चेत ऐकणाऱ्याच्या मनाचा जो विचार आहे तो मागे पडला. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाक्यार्थज्ञानाची तीन कारणे सांगतो : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. एक पद दुसऱ्याची अपेक्षा करते ही आकांक्षा. पदार्थांचा संबंध बाधित होत नाही ही योग्यता, म्हणून ‘अग्नीने शिंपतो’ हे वाक्य बोध देत नाही. पदे एकामागून एक विलंबाविना येतात ही संनिधी. विश्वनाथ न्यायपंचानन यांच्या ‘भाषापरिच्छेदा’त तात्पर्यज्ञान हे चौथे कारण जोडलेले आहे.

यांपैकी आकांक्षेविषयी परंपरेत मतभेद आहेत. आकांक्षा म्हणजे ऐकणाऱ्याची जिज्ञासा, असे एक मत. ‘आण’ म्हटले की ‘काय?’ हा प्रश्न त्याच्या मनात उठतो. दुसरे मत असे की, आकांक्षा हा पदांचाच परस्परसंबंध आहे. कोणाच्या मनात प्रश्न उठो वा न उठो, ‘आण’ हे पद कर्मावाचून अपुरेच आहे. हा भेद आजच्या यंत्रांना लावला की त्यांचा इतिहास एकदम स्पष्ट होतो.

१९५१ मध्ये क्लॉड शॅनन यांनी एक साधा प्रयोग केला. इंग्रजी मजकुरातील पुढचे अक्षर कोणते, हे त्यांनी माणसांना ओळखायला सांगितले. वाचक बरेचदा बरोबर ओळखतो, याचा अर्थ भाषा जाणणाऱ्याच्या मनात पुढे काय येणार याचा अंदाज सतत तयार असतो. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी या अपेक्षेची खूण मेंदूतच दाखविली. वाक्यात अर्थाने न जुळणारा शब्द आला की सुमारे ४०० सहस्रांश सेकंदांनी मेंदूच्या विद्युत्प्रवाहात विशिष्ट बदल दिसतो. त्यांच्या वाक्यांपैकी एकात पावाला पायमोजे फासलेले आहेत. नैयायिक म्हणेल, योग्यता नाही. विशेष हे की नुसता अनपेक्षित, पण संभाव्य शब्द आला तरी हा बदल काही प्रमाणात होतो. म्हणजे अपेक्षेला पायऱ्या आहेत.

२०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेवर आणि २०२२ च्या अखेरीस सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या चॅटजीपीटीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या पायाशी शॅनन यांचाच खेळ आहे. प्रचंड लिखित मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता याचा अंदाज करीत राहणे, हे या यंत्रांचे मूळ शिक्षण. मागाहून माणसांच्या पसंती-नापसंतीने त्यांना वळण लावले जाते. शाब्दबोधाच्या परिभाषेत सांगायचे तर पदनिष्ठ आकांक्षा यंत्राने आश्चर्यकारक प्रमाणात आत्मसात केली आहे. जिज्ञासारूप आकांक्षा त्याच्या ठिकाणी आहे असे मानण्यास आधार नाही. ‘आण’ या पदाचे अपुरेपण ते ओळखते. काय आणायचे हे जाणून घेण्याची गरज त्याला भासते असे म्हणता येत नाही.

५

एक उदाहरण घेऊ. मालवणीत कोणी म्हणाले, ‘तेचो झील तळ्याच्या काठार उभो हा.’ मालवणीत ‘झील’ म्हणजे मुलगा. प्रमाण मराठीत पोवाड्यातील साथीदार मागे ओढतात ती झील. हिंदीत झील म्हणजे तळे. शेजारच्या शब्दांवरून अर्थ ठरवू गेल्यास ‘तळे’ आणि ‘काठ’ हे शब्द हिंदी अर्थाकडे ओढतील.

अनेकार्थी शब्दाचा अर्थ कसा निश्चित होतो, याच्या साधनांची यादी भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात दिली आहे. संसर्ग, साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल, शब्दाचे लिंग, स्वर अशी ती साधने आहेत. ‘राम-लक्ष्मण’ म्हटले की दाशरथी राम कळतो, कारण लक्ष्मणाचे साहचर्य. ‘राम-अर्जुन’ म्हटले की परशुराम आणि कार्तवीर्य कळतात, कारण त्यांचे वैर. विसाव्या शतकात झेलिग हॅरिस आणि जे. आर. फर्थ यांनी शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा असा विचार मांडला, आणि आजच्या यंत्रांतील शब्दार्थाची गणिती मांडणी त्याच विचारावर उभी आहे. ती मुख्यत्वे साहचर्याचा विस्तार आहे.

वरच्या वाक्यात साहचर्य फसवते. सोडवणूक करतात ती दुसरी साधने. ‘तेचो’ आणि ‘उभो’ यांतील ओकारान्त रूपांवरून शब्द पुल्लिंगी ठरतो. हिंदीतील झील स्त्रीलिंगी आहे. देश वालावलचा, म्हणजे भाषा मालवणी. प्रकरण काय, हे बोलणाऱ्यांना ठाऊक. पुरेसा मालवणी मजकूर वाचलेले यंत्र हे वाक्य बरोबर लावील, यात शंका नाही. लिंगाची खूण ही अखेर मजकुरातच आहे. प्रश्न असा की तो पुरेसा मजकूर कोठे आहे? मालवणी मुख्यतः बोलली जाते. मालवणी काव्य, नाटके, कथा आहेत. पण छापील मराठीच्या तुलनेत ते लेखन थोडे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मराठी आहे, १९९२ पासून कोकणीही आहे. मालवणी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे अनुसूचित भाषांसाठी आखलेल्या ‘भाषिणी’सारख्या शासकीय प्रकल्पांतही तिला स्वतःचे नाव नाही. ज्या यंत्राची अपेक्षा प्रमाण मराठी आणि हिंदी यांवर घडली आहे, त्याच्या लेखी ‘झील’ हा मुलगा नसून चूक ठरण्याचा संभव अधिक. बार्टलेट यांचे वाचक परकी कथा आपल्या साच्यात बसवीत. यंत्रही तेच करील, आणि त्याचा साचा बहुसंख्यांच्या लेखनाचा असेल.

६

तात्पर्याचा प्रश्न याहून कठीण आहे. वक्त्याची इच्छा म्हणजे तात्पर्य, असे नैयायिक मानतात. मग पोपट बोलतो तेव्हा काय? त्याला इच्छा नाही, तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त या शुकवाक्याची चर्चा आहे. खऱ्या ठरणाऱ्या शुकवाक्यामागे ईश्वराचे तात्पर्य मानावे, आणि खोट्या ठरणाऱ्या वाक्यामागे पोपटाला शिकविणाऱ्याचे, असे उत्तर तेथे सापडते. उलट ‘वेदान्तपरिभाषे’चा कर्ता धर्मराज वक्त्याची इच्छा हे लक्षणच नाकारतो. अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याच्या उच्चारातूनही जाणत्याला बोध होतो. म्हणून तात्पर्य म्हणजे विशिष्ट प्रतीती उत्पन्न करण्याची वाक्याची योग्यता, असे तो म्हणतो.

२०२१ मध्ये एमिली बेंडर, टिमनिट गेब्रू आणि त्यांच्या सहलेखिकांनी मोठ्या भाषिक प्रतिमानांना ‘संभाव्यतेने बोलणारे पोपट’ म्हटले, तेव्हा हा जुना वाद नव्या वेषात परतला. यंत्राच्या वाक्याला अर्थ आहे असे मानणारे धर्मराजाच्या बाजूचे. नाही म्हणणारे नैयायिकांच्या. मला नैयायिकांच्या उत्तरातील एक अंश आज अधिक उपयुक्त वाटतो. खोट्या वाक्याची जबाबदारी ते पोपटावर टाकत नाहीत, शिकविणाऱ्याकडे नेतात. एलायझापासून आपल्या मनाची जी खोड उघड झाली आहे, ती पोपटालाच वक्ता समजण्याची. ती सुटेल असे नाही. पण समीक्षेला तिच्यापासून अंतर राखता आले पाहिजे.

दशावतारी नटाचे वाक्य शुकवाक्य का नाही, हे आता सांगता येते. साचे त्याच्याजवळही आहेत, आणि त्याच्या तोंडची पुष्कळ वाक्ये शेकडो वेळा वापरलेली असतात. केवळ नावीन्यावर त्याचे श्रेष्ठत्व ठरवता येणार नाही. नवी जुळणी यंत्रही करते. भेद बांधिलकीत आहे. नटाने रंगभूमीवर वचन दिले की ते पहाटेपर्यंत त्याला आणि समोरच्याला बांधते. समोरच्याने ते कसे घेतले यावर त्याचे पुढचे वाक्य ठरते. चुकला तर समोर बसलेला गाव त्याला सोडत नाही. संकासुर शब्द वाकडा घेतो तोही सरळ अर्थ पुरता समजल्यामुळे. समोरच्याचे तात्पर्य ओळखल्याखेरीज ते चुकवता येत नाही. बुद्ध्या चुकीचे समजणे ही बोधाची फार कडक परीक्षा आहे, आणि ट्युरिंग यांच्या कसोटीपेक्षा ती मला अधिक अर्थपूर्ण वाटते.

प्रेक्षकाच्या बाजूनेही एक भेद नोंदवावा लागतो. आख्यानाचा शेवट त्याला माहीत असतो. कथेविषयीची त्याची अपेक्षा पुरी होणारच असते. तो जागतो ते आजचा नट तेथवर कोणत्या शब्दांनी पोहोचतो यासाठी. ज्ञात कथा आणि अज्ञात वाक्य यांच्या ताणातून रस निर्माण होतो. सर्वांत संभाव्य शब्द पुढे ठेवण्याकडे ज्याचा मूळ कल आहे, त्या यंत्राचे गद्य सुबोध असूनही निरस का वाटते, याचे एक कारण येथे मिळू शकेल.

७

या विवेचनातून मराठीच्या अभ्यासकांपुढे एक व्यावहारिक काम येते. मानवी बोधाचे ज्ञान यंत्रापर्यंत पूर्वी सिद्धांताच्या रूपाने जात होते. शँक यांनी मानसशास्त्रज्ञाला बरोबर घेतले होते. आज ते मजकुराच्या रूपाने जाते. ज्यांनी लिहिले त्यांच्या अपेक्षा यंत्राच्या अपेक्षा होतात, आणि ज्यांनी केवळ बोलले ते तिच्यातून गळतात. वालावलच्या देवळापुढे पिढ्यान्‌पिढ्या जे बोलले गेले त्याचा मोठा भाग हवेत विरला आहे, आणि जे उरले आहे ते वयोवृद्ध नटांच्या जिभेवर आहे.

त्याचे ध्वनिमुद्रण अधूनमधून होते, त्याच्या चित्रफितीही निघतात. पण नुसता आवाज साठवून भर्तृहरीची यादी पुरी होत नाही. खेळ कोणत्या गावी, कोणत्या जत्रेत, कोणते आख्यान नायकाने कसे सांगितले, कोण कोणासमोर उभा होता, कोठे प्रेक्षक हसले, एखादे वाक्य कोणाला लागले, हे देश, काल आणि प्रकरण लिहून ठेवावे लागेल. तसेच त्यातील मालवणी मालवणी म्हणूनच उतरवावी लागेल. प्रमाण रूपांत दुरुस्त करून नव्हे. नटांची संमती आणि त्यांचा हक्क यांचा विचारही याच कामाचा भाग आहे, कारण शिकविणाऱ्याचे नाव पुसून पोपटाचे कौतुक करणे न्यायाचे होणार नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांना हे काम करण्यासाठी फार मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो.